मुखपृष्ठाच्या मागची बारीक अक्षरे : दुर्लक्षित प्रोग बँड कसे शोधावेत

प्रोग्रेसिव्ह रॉक, म्हणजेच ‘प्रोग’ हे लांब, गुंतागुंतीच्या रचनांचे रॉक संगीत ऐकणाऱ्या बहुतेकांची वाट पाच-सहा नावांपासून सुरू होते आणि पुष्कळदा तिथेच संपते. पिंक फ्लॉइड, येस, जेनेसिस, जेथ्रो टल, किंग क्रिमसन आणि एमर्सन, लेक अँड पामर यांच्या मुख्य ध्वनिमुद्रिका ऐकून झाल्या की पुढे काय ऐकावे हा प्रश्न पडतो. तो गाणी ऐकवणाऱ्या ॲपला विचारला, तर ते हीच नावे थोडी उलटसुलट करून पुन्हा समोर ठेवते. यात ॲपचा फारसा दोष नाही. तुमच्यासारखे श्रोते आणखी काय ऐकतात, या हिशेबावर त्याची शिफारस चालते आणि ज्या बँडला मुळातच श्रोते थोडे, त्याचे नाव अशा हिशेबात वर येणे अवघडच असते. म्हणून दुर्लक्षित बँड शोधायचे असतील तर लोकप्रियतेशी संबंध नसलेले एखादे साधन हाती असावे लागते. माझ्या अनुभवात असे सर्वांत भरवशाचे साधन म्हणजे ध्वनिमुद्रिकेच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत छापलेली नामावली. बँडचा माग काढण्याऐवजी माणसांचा माग काढायचा, एवढीच ती युक्ती आहे.

हे काम सुरू करण्यापूर्वी आपल्याला नेमके काय आवडते, हे स्वतःशी स्पष्ट करून घ्यावे. ‘मला प्रोग आवडतो’ हे उत्तर पुरेसे नाही. एखाद्याला लांबलचक ऑर्गन-वादन आवडते, एखाद्याला विषम मात्रांची गंमत, एखाद्याला केवळ मेलोट्रॉनचा तो किंचित थरथरणारा, धुक्यातून आल्यासारखा वाद्यवृंदी आवाज. पियानोसारख्या पट्ट्या असलेल्या या वाद्याच्या प्रत्येक पट्टीखाली चुंबकीय फितीचा एक तुकडा असतो आणि पट्टी दाबली की फितीवर मुद्रित केलेला व्हायोलिनचा, बासरीचा किंवा गायकवृंदाचा स्वर वाजू लागतो. सुमारे ८ सेकंदांनी फीत संपते आणि स्वर तुटतो. त्यामुळे वादकाला बोटे सतत बदलत राहावी लागतात आणि त्या वाद्यावरच्या रचनांना एक विशिष्ट संथ लाट येते. आपल्याला ही लाट आवडते एवढे कळले, तरी शोधाची दिशा निश्चित होते.

आता प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. किंग क्रिमसनची पहिली ध्वनिमुद्रिका ऑक्टोबर १९६९ मध्ये निघाली. तिच्यावर पाच नावे आहेत : रॉबर्ट फ्रिप, ग्रेग लेक, इयन मॅकडॉनल्ड, मायकेल जाइल्स आणि पीट सिनफील्ड. यांतला सिनफील्ड एकही वाद्य वाजवत नाही. त्याच्या नावापुढे शब्द आणि प्रकाशयोजना असे श्रेय आहे. बहुतेक श्रोते या ओळीवरून नजर पुढे नेतात, आणि नेमक्या याच ओळीतून एक मोठा रस्ता फुटतो.

सिनफील्ड १९७२ च्या सुरुवातीला क्रिमसनमधून बाहेर पडला. तोवर ग्रेग लेक एमर्सन, लेक अँड पामरमध्ये जाऊन प्रसिद्धीच्या शिखरावर पोहोचला होता आणि पुढे त्या तिघांनी मँटिकोर नावाची स्वतःची ध्वनिमुद्रिका-कंपनी काढली. या कंपनीने १९७३ मध्ये प्रेमियाता फोर्नेरिया मार्कोनी या इटालियन बँडची ‘फोटोज ऑफ घोस्ट्स’ ही ध्वनिमुद्रिका काढली आणि तिचे इंग्रजी शब्द लिहिले सिनफील्डने. बँडच्या नावाचा अर्थ ‘पारितोषिकप्राप्त मार्कोनी बेकरी’ असा आहे. लोक त्याला पीएफएम म्हणतात. इथपर्यंत आलात की एक पाऊल आणखी पुढे टाका आणि त्याच बँडची १९७२ ची ‘पेर उन अमीको’ ही मूळ इटालियन ध्वनिमुद्रिका ऐका, कारण इंग्रजी आवृत्तीतली बरीचशी सामग्री तिच्यातलीच आहे. माझे मत विचाराल तर मूळच सरस आहे. इटालियन शब्दांच्या शेवटी येणारे मोकळे स्वर त्या चालींना जसे बसतात, तसे इंग्रजी शब्द बसत नाहीत. सिनफील्डसारखा कसलेला गीतकार असूनही नाही.

मँटिकोरने पुढे बांको देल मूतुओ सोक्कोर्सो या रोमच्या बँडचीही ध्वनिमुद्रिका बाजारात आणली. बांकोची १९७२ ची पहिली ध्वनिमुद्रिका मातीच्या गल्ल्याच्या आकारात कापलेल्या वेष्टनात निघाली होती. फ्रान्चेस्को दी जाकोमो या दणकट देहाच्या, दाढीवाल्या गायकाचा आवाज ऑपेराच्या रंगमंचावरून थेट रॉकमध्ये उतरल्यासारखा आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना पियानो आणि ऑर्गन वाजवणारे दोन सख्खे भाऊ आहेत. त्याच वर्षाची ‘डार्विन!’ ही त्यांची दुसरी ध्वनिमुद्रिका उत्क्रांतीच्या विषयावर आहे. इटालियन येत नसेल तरी अडत नाही. आपल्यापैकी कितीजण ब्रज भाषेतल्या बंदिशी शब्दशः समजून ऐकतात?

दुसरा धागा फ्रिपचा. व्हॅन डर ग्राफ जनरेटर या बँडच्या १९७० आणि १९७१ च्या ध्वनिमुद्रिकांवर पाहुणा गिटारवादक म्हणून त्याचे नाव सापडते. या बँडमध्ये गिटार जवळजवळ नाहीच. ह्यू बॅन्टनचा ऑर्गन, एकाच वेळी दोन सॅक्सोफोन तोंडात धरून वाजवणारा डेव्हिड जॅक्सन, गाय इव्हान्सचे ड्रम आणि या सगळ्यांच्या वर पीटर हॅमिलचा कुजबुजीपासून किंकाळीपर्यंत कुठेही जाऊ शकणारा आवाज. ‘पॉन हार्ट्स’ या १९७१ च्या ध्वनिमुद्रिकेची दुसरी बाजू संपूर्णपणे एकाच रचनेने व्यापलेली आहे. ती २३ मिनिटांची असून एका दीपस्तंभरक्षकाच्या एकाकीपणावर आहे. पहिल्यांदा ऐकताना ती त्रासदायक वाटेल, हे आधीच सांगून ठेवतो. ही ध्वनिमुद्रिका ब्रिटनच्या विक्री-यादीत आलीच नाही. इटलीत मात्र ती पहिल्या क्रमांकावर गेली. ‘दुर्लक्षित’ हा शब्द वापरताना कोणी दुर्लक्ष केले हे विचारावे लागते, ते यासाठी. एका देशाने ज्यांच्याकडे पाठ फिरवली त्यांना दुसऱ्या देशाने डोक्यावर घेतले, असे या संगीताच्या इतिहासात वारंवार घडले आहे.

हॅमिलचे नाव धरून पुढे गेले की वाट पुन्हा इटलीतच उतरते. व्हेनिसकडच्या ले ओर्मे या त्रिकुटाने १९७३ मध्ये ‘फेलोना ए सोरोना’ ही एक सुखी आणि एक दुःखी अशा दोन ग्रहांची कथा सांगणारी ध्वनिमुद्रिका काढली. तिच्या इंग्रजी आवृत्तीसाठी शब्द हॅमिलने लिहिले. म्हणजे क्रिमसनच्या वेष्टनावरच्या दोन वेगवेगळ्या नावांवरून निघालेले धागे एकाच वर्षी एकाच देशात येऊन भेटले. कोणत्याही ॲपने मला हे कधी सांगितले नसते.

तिसरा धागा सर्वांत लांबचा आणि माझ्या आवडीचा. बिल ब्रुफर्ड हा ड्रमवादक १९७२ मध्ये येस सोडून क्रिमसनमध्ये आला आणि १९७० च्या दशकाच्या अखेरीस त्याने स्वतःच्या आडनावाचा बँड काढला. त्या बँडमध्ये ऑर्गन आणि सिंथेसायझर वाजवणाऱ्याचे नाव डेव्ह स्टुअर्ट. इथे एक खबरदारी घ्यावी. युरिद्मिक्स या पॉप जोडीतला डेव्ह स्टुअर्ट हा वेगळा माणूस आहे आणि शोधताना दोघांच्या याद्या एकमेकांत मिसळतात. आपला स्टुअर्ट त्याआधी नॅशनल हेल्थमध्ये होता, त्याआधी हॅटफील्ड अँड द नॉर्थमध्ये, त्याआधी एग या गिटारविरहित त्रिकुटात, आणि मधल्या काळात त्याने खान या बँडच्या ‘स्पेस शँटी’ या १९७२ च्या एकुलत्या ध्वनिमुद्रिकेवर वाजवले. खानचा गिटारवादक स्टीव्ह हिलेज पुढे गाँगमध्ये गेला. हॅटफील्डमध्ये गाणारा आणि बास वाजवणारा रिचर्ड सिंक्लेअर पूर्वी कॅराव्हॅनमध्ये होता आणि पुढे १९७७ मध्ये तो कॅमलमध्ये दिसतो, जिथे त्याच्या शेजारी क्रिमसनचा माजी सॅक्सोफोनवादक मेल कॉलिन्स वाजवत असतो. असे हे वर्तुळ पूर्ण होते.

या सगळ्या मंडळींना इंग्लंडमधल्या ‘कँटरबरी’ या गावाच्या नावाने ओळखतात. तिथल्या वाइल्ड फ्लॉवर्स या १९६० च्या दशकातल्या होतकरू बँडमधून सॉफ्ट मशीन आणि कॅराव्हॅन हे दोन्ही बँड निघाले. या संगीतात जॅझची उठबस आहे, अवघड मात्रा आहेत, पण आव अजिबात नाही. लंडनमधून उत्तरेकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या दिशादर्शक फलकावरून ज्यांनी बँडचे नाव उचलले, त्यांच्याकडून वीरश्रीची अपेक्षा कोण करील! हॅटफील्डची १९७५ ची ‘द रॉटर्स क्लब’ ही ध्वनिमुद्रिका प्रोगला रुक्ष आणि गर्विष्ठ म्हणणाऱ्या कोणालाही ऐकवावी. जाता जाता एक गंमत नोंदवतो : हॅटफील्डसाठी पार्श्वस्वर देणाऱ्या तीन गायिकांपैकी बार्बरा गॅस्किनबरोबर याच डेव्ह स्टुअर्टने १९८१ मध्ये एक जुने पॉप गाणे नव्याने केले आणि ते ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेले.

हा माग काढण्यासाठी आज जुनी रेकॉर्ड हातात असण्याची गरज नाही. मुंबईत काळा घोड्याचे ऱ्हिदम हाउस २०१६ मध्ये बंद झाले आणि उभ्या-उभ्या वेष्टने उलटून वाचण्याची एक हक्काची जागा गेली, याची खंत आहे. परंतु डिस्कॉग्ज या संकेतस्थळावर जवळपास प्रत्येक ध्वनिमुद्रिकेची संपूर्ण नामावली, वादक, ध्वनिमुद्रक आणि कंपनीच्या तपशिलांसह मिळते. कोणत्याही नावावर टिचकी मारली की त्या माणसाने आणखी कुठे कुठे काम केले त्याची यादी उघडते. पाहुण्या वादकांची नावे आधी पाहावीत. बँडचे सदस्य परस्परांना प्रसिद्धीकडे नेतात, पाहुणे मात्र आडवाटेला नेतात. सगळेच धागे फळतात असे नाही. इयन मॅकडॉनल्डचा माग धरलात तर जाइल्सबरोबर त्याने केलेली एक अतिशय मृदू ध्वनिमुद्रिका सापडेल, पण त्याच्याही पुढे गेलात तर थेट फॉरिनर या तुफान खपाच्या बँडपाशी पोहोचाल आणि तिथून मागे फिरावे लागेल.

माणसांच्या खालोखाल कंपनीच्या शिक्क्याचा उपयोग होतो. व्हर्टिगो, हार्वेस्ट, डेरॅम आणि करिज्मा या ब्रिटिश कंपन्यांच्या १९६९ ते १९७३ या काळातल्या याद्या क्रमाने चाळाव्यात. व्हर्टिगोच्या जुन्या शिक्क्यावर काळ्या-पांढऱ्या वर्तुळांचा भोवरा असे आणि रेकॉर्ड फिरू लागली की नजर गरगरत असे. याच शिक्क्याखाली ब्लॅक सबाथ खपत होते आणि याच शिक्क्याखाली जेंटल जायंट. शुलमन आडनावाच्या तीन भावांनी १९७० मध्ये काढलेल्या या बँडची १९७२ ची ‘ऑक्टोपस’ ही ध्वनिमुद्रिका मिळवा आणि तिच्यातली ‘नॉट्स’ ही रचना ऐका. चार आवाज एकमेकांचे तुकडे झेलत, अडवत, पुन्हा जोडत जातात, आणि एवढे करूनही ती जेमतेम चार मिनिटांत आटोपते. व्हर्जिन कंपनी १९७३ मध्ये सुरू झाली ती माइक ओल्डफील्डच्या प्रचंड यशाने. परंतु त्याच सुरुवातीच्या तुकडीत गाँग होता आणि जर्मनीचा फाउस्टही. फाउस्टची ध्वनिमुद्रिका कंपनीने एका साध्या गाण्याच्या तबकडीच्या भावात, ४९ पेन्सला विकली. स्वस्त म्हणून पुष्कळांनी ती घेतली, आणि घरी नेऊन लावल्यावर त्यांतल्या अनेकांची काय अवस्था झाली असेल याची कल्पना ती ऐकल्यावरच येईल.

ज्यांना अशा कंपन्यांनीही दारात उभे केले नाही, त्यांचा शोध वेगळ्या ठिकाणी घ्यावा लागतो. मार्च १९७८ मध्ये हेन्री काऊ या ब्रिटिश बँडने लंडनमध्ये स्वीडनच्या साम्ला माम्मास मान्ना, बेल्जियमच्या युनिव्हर्स झेरो, इटलीच्या स्टॉर्मी सिक्स आणि फ्रान्सच्या एत्रों फू ललूब्लां यांना एकत्र आणून ‘रॉक इन ऑपोझिशन’ नावाची मैफल केली. मोठ्या कंपन्या जे तुमच्या कानांवर पडू देत नाहीत ते संगीत, अशी त्यांनी स्वतःची ओळख करून दिली होती. या पाच नावांपासून सुरुवात केलीत तर वर्षभराची सोय होईल. मात्र युनिव्हर्स झेरो रात्री एकट्याने ऐकू नये.

देश आणि वर्ष यांची जोडी घेऊन शोधणे हाही चांगला उपाय आहे. इटलीची १९७२ आणि १९७३ ही दोनच वर्षे घेतली, तरी नेपल्सच्या इल बालेत्तो दी ब्रोन्झोची ‘इस’, मूझेओ रोझेनबाखची ‘झरतुष्ट्रा’ आणि बाल्कन लोकसंगीत, जॅझ व राजकारण एका भट्टीत घालणाऱ्या एरियाची पहिली ध्वनिमुद्रिका एवढे हाती लागते. फ्रान्समध्ये मॅग्मा आहे, ज्याच्या ख्रिश्चन व्हँडरने गाण्यांसाठी ‘कोबाइयन’ नावाची भाषाच रचली. चिलीच्या लोस हाइव्हासने १९८१ मध्ये पाब्लो नेरुदांच्या माचू पिच्चूवरच्या कवितेला अँडीजमधल्या बासऱ्या, चारांगो हे तंतुवाद्य आणि रॉकची वाद्ये यांचा साज चढवला. स्वीडनमध्ये तर हे संगीत मेले असे जगाने धरून चालल्यावर १९९२ मध्ये आंग्लागार्डची ‘हिब्रिस’ आली आणि पाठोपाठ १९९३ मध्ये अनेक्डोटेनची ‘व्हेमोड’, दोन्हींत मेलोट्रॉन पुन्हा ठाण मांडून बसलेला. अनेक्डोटेनची मंडळी आधी किंग क्रिमसनचीच गाणी वाजवत असत, हे कळल्यावर मला मुळीच आश्चर्य वाटले नाही.

सापडलेली ध्वनिमुद्रिका ऐकायची कशी, याबद्दलही थोडे सांगितले पाहिजे, कारण बरेच चांगले बँड चुकीच्या ऐकण्यामुळे हातचे जातात. बँडच्या पानावर सर्वांत वर दिसणारी ‘लोकप्रिय’ गाणी सुटी-सुटी ऐकू नयेत. पूर्ण ध्वनिमुद्रिका मूळ क्रमाने लावावी. नव्या आवृत्त्यांच्या शेवटी कच्चे मुद्रण आणि मैफलीतले तुकडे जोडलेले असतात, त्यामुळे मूळ शेवट कुठे होता हे आधी पाहून तिथेच थांबावे. ॲपच्या सेटिंगमध्ये दोन गाण्यांमधले अंतर शून्य करावे, नाहीतर एकमेकांत वाहत जाणाऱ्या रचनांच्या मध्ये शांततेची भोके पडतात. कॅराव्हॅनची ‘नाइन फीट अंडरग्राउंड’ ही १९७१ ची रचना बावीस मिनिटांहून अधिक चालते. तिला स्वयंपाक करता-करता ऐकून निकाल देणे हा अन्याय आहे. या बाबतीत मराठी श्रोत्याला एक सवय उपयोगी पडते. विलंबित ख्याल ऐकताना पहिल्या पाच मिनिटांत आपण उठून जात नाही, गायक जागा भरत जाईल यावर विश्वास ठेवतो. तोच विश्वास इथे ठेवावा आणि आठवडाभराच्या अंतराने निदान तीनदा ऐकल्याशिवाय मत बनवू नये.

मात्रा मोजण्याचाही सराव करावा. पिंक फ्लॉइडचे ‘मनी’ सात मात्रांत आहे. मांडीवर टाळी देत मोजा, कान लवकर सरावतो. रूपक ऐकलेल्यांना सात मात्रा नव्या नाहीत, फक्त इथे समेवर खाली नसते, त्यामुळे वजन वेगळे पडते. ते जमले की क्रिमसनच्या १९७४ च्या ‘स्टारलेस’च्या मधल्या भागात तेरा मोजून पाहा. मोजणे सुटले तरी बिघडत नाही, परंतु एकदा जमले की ज्या रचना गोंधळासारख्या वाटत होत्या त्यांचा सांगाडा दिसू लागतो.

एक गोष्ट मात्र प्रांजळपणे सांगावी लागेल. विस्मृतीत गेलेले सगळेच थोर नसते. काही बँड विसरले गेले कारण त्यांचा गायक कच्चा होता, किंवा वीस मिनिटांच्या रचनेत सांगण्यासारखे चार मिनिटांचेच होते. मूळ प्रत दुर्मीळ आहे आणि तिला संग्राहक भरमसाट किंमत मोजतात, यावरून संगीताची प्रत ठरत नाही. प्रोग आर्काइव्ह्जसारख्या संकेतस्थळावरचे गुण पाहायला हरकत नाही, तिथली देश आणि शैलीनुसार केलेली वर्गवारी तर फारच कामाची आहे. पण तिथे गुण देणारेही शेवटी भक्तच असतात. शोधताना केवळ बँडचे नाव टाकू नये. एग, स्प्रिंग, खान, इंग्लंड, एरिया अशी नावे घेऊन शोधलेत तर अंडी, ऋतू, अभिनेते आणि क्रिकेटचे धावफलक हाती येतील. नावाबरोबर ध्वनिमुद्रिका आणि वर्ष द्यावे. काही आवडले तर एसोटेरिक किंवा क्युनिफॉर्म यांसारख्या कंपन्यांनी काढलेल्या आवृत्त्या विकत घ्याव्यात.

घराजवळही पाहावे. पॉर्क्युपाइन ट्री हा ब्रिटिश बँड २००९ मध्ये आयआयटी मुंबईच्या मूड इंडिगो महोत्सवात वाजवून गेला तेव्हा गर्दी झाली. मात्र कोचीच्या मदरजेनची २००८ ची ‘मक्तूब’, जिच्यात बैजू धर्मजनची गिटार कर्नाटक संगीताच्या गमकांनी बोलते, किंवा मुंबईच्या कोशिशची २०१३ ची हिंदी ‘फिरदौस’, पूर्ण ऐकलेले लोक तुलनेने विरळच भेटतात. पॉर्क्युपाइन ट्रीचा स्टीव्हन विल्सन हाही एक चांगला धागा आहे, कारण कॅराव्हॅन आणि जेंटल जायंट यांच्या जुन्या ध्वनिमुद्रिकांचे नवे मिश्रण त्याने केले आहे. ज्या नावावर त्याचा हात फिरला आहे ते ऐकून पाहण्यासारखे असते.

आणि धागा उलट्या दिशेनेही ओढता येतो. घरात डायर स्ट्रेट्सची जुनी कॅसेट असेल, तर तिच्यावरच्या ‘सुलतान्स ऑफ स्विंग’मध्ये ड्रम वाजवणाऱ्या पिक विदर्सचे नाव वाचा. हाच माणूस १९७१ मध्ये लेस्टरच्या स्प्रिंग नावाच्या बँडमध्ये होता. आरसीएच्या निऑन या फार काळ न टिकलेल्या शिक्क्याखाली त्या बँडची एकच ध्वनिमुद्रिका तेव्हा निघाली, आणि तिच्यावर मेलोट्रॉन वाजवणारे एक नाही, तीन जण आहेत.